भीती घालवण्याआधी कुंपण: मळ्यातल्या दोन लेकरांचं प्रकरण

मार्च संपता संपता दिंडोरी तालुक्यातलं एक द्राक्ष बागायतदार कुटुंब माझ्याकडे नाशिकला आलं. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी सव्वादोन. बागेतला माल नुकताच उतरला होता, एप्रिलची खरड छाटणी तोंडावर होती, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत दोघांना पोहायला शिकवून घ्यावं असं वडिलांच्या मनात होतं. घर मळ्यातच. घरापासून हाकेच्या अंतरावर शेततळं. छाटणी लागली की मोठी माणसं सकाळपासून बागेत अडकणार. अशाच एका तळ्यात लहान मूल गेल्याची बातमी त्यांच्या कानावर आली होती, आणि तेव्हापासून आईला झोप नव्हती.

वडील म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवसांत जमेल तेवढं शिकवा. पडलीच तळ्यात, तर निदान काठापर्यंत तरी यावीत."

मी लहान मुलांना पाण्याची ओळख करून देण्याचं काम करते आणि ही मागणी मला नवीन नाही. तिच्यामागची माया खरी असते. पण तिच्यात एक समजूतही दडलेली असते, की पोहणं शिकलेलं लहान मूल पाण्यापासून सुरक्षित झालं. या कुटुंबासोबत काम करताना ती समजूत किती घातक ठरू शकते हे इतकं स्पष्ट दिसलं की हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

एक घाबरलेला, एक न घाबरणारी

थोरल्याला पाण्याची धास्ती बसलेली होती. मागच्या उन्हाळ्यात आजोबांनी त्याच्या पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत सोडलं होतं. आजोबा स्वतः आधी पाण्यात उतरले होते, पोराच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक वर चुलत्याच्या हातात होतं. पोरगं एकदा खाली गेलं, वर आलं, खोकलं आणि किंचाळत राहिलं. लगेच बाहेर काढलं. इजा काही नाही. पण त्या दिवसापासून डोक्यावरून पाणी घेणं बंद. आई ओल्या फडक्यानं त्याचे केस पुसून काढायची. तळ्याच्या बाजूला तो फिरकतही नसे.

आजोबांना मी बोल लावला नाही आणि आजही लावणार नाही. पाठीला डबा, वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड, पुढे ट्रॅक्टरची ट्यूब, या आधारांवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलं विहिरीत पोहायला शिकली. त्या रीतीत शहाणपण होतं. शिकणारं पोर बहुधा आठ-दहा वर्षांचं असे. त्याच्या वयाची पोरं आधीच मुटके मारत असत, त्यालाही उतरायची घाई झालेली असे, आणि आधार एकेक करून कमी केला जाई. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे यातलं काही नसतं. सांगितल्यावर श्वास रोखणं त्याला जमत नाही. विहिरीचं गार पाणी एकदम छातीला लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. आपण हे कशासाठी करतो आहोत हे त्याला समजावून सांगता येत नाही. त्याच्या लक्षात एवढंच राहतं, की माझ्या माणसांनी मला यात टाकलं.

धाकटीची गोष्ट उलटी. तलावाच्या काठावर येताच तिनं आईचं बोट सोडलं आणि सरळ पाण्याच्या दिशेनं चालू लागली. कडा कुठे संपते, पाणी कुठे सुरू होतं, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. वडिलांना तिचं कौतुक वाटत होतं. "हिला काही भीती नाही, ही लवकर शिकेल." आई-वडिलांना थोरल्याची काळजी होती, मला धाकटीची. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. वाकून बघताना तोल पुढे जातो, आणि डोकं एकदा खाली गेलं की स्वतःला वर उचलण्याइतकी ताकद हातांत नसते. म्हणून लहान मूल बादलीत बुडतं, टबात बुडतं, वीतभर पाण्यातही बुडतं. ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती.

तळ्याच्या बांधावर

शिकवायला सुरुवात करण्याआधी मी मळ्यावर गेले. मुलाला कुठल्या पाण्याचा धोका आहे हे पाहिल्याशिवाय त्याला काय शिकवायचं हे ठरवता येत नाही.

तळं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ ला आली, तिच्यातलं हे सर्वांत मोठं माप. पाणी मुरू नये म्हणून आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. मार्चअखेर पाणी निम्म्यावर उतरलं होतं, म्हणजे बांधाच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत उघड्या प्लास्टिकची घसरगुंडी तयार झाली होती. पाण्याच्या रेषेला शेवाळाचा हिरवा पट्टा. पाणी भरलेलं असताना तळं भीतिदायक दिसतं. पाणी उतरल्यावर ते निरुपद्रवी वाटतं आणि जास्त धोक्याचं होतं, कारण घसरलेल्याला धरायला कुठेच काही नसतं.

मी आजोबांना विचारलं, "बाबा, तुम्ही यात पडलात तर बाहेर याल?"

त्यांनी बराच वेळ तळ्याकडे बघितलं. "हिरीतून येईन," ते म्हणाले. "याच्यातून काय सांगता येत नाही."

पन्नास वर्षं पोहणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं. विहिरीला पायऱ्या असतात, दगडांच्या खाचा असतात, दोर असतो. पोहण्याच्या तलावात आम्ही मुलांना शिकवतो: पाण्यात पडलास की वळ, भिंत गाठ, भिंत धर. शेततळ्यात भिंतच नाही. माझ्याकडे शिकलेलं मूल तिथे वळलं, काठापर्यंत आलं, तरी त्याच्या हाताला ओलं, गुळगुळीत, तिरकं प्लास्टिक लागेल आणि ते परत आत सरकेल. "निदान काठापर्यंत यावीत" या वडिलांच्या अपेक्षेचं उत्तर त्या काठावरच मिळालं.

दुसरी गोष्टही तिथेच लक्षात आली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर बेतलं. थोरला इतके महिने या तळ्यापासून लांब राहिला तो त्याच्या भीतीमुळे. ती भीती हेच त्या तळ्याचं एकमेव कुंपण होतं. माझं काम ती भीती घालवणं. म्हणजे मी यशस्वी झाले, तर आज तळ्याकडे न जाणारं मूल उद्या तळ्याकडे जायला लागणार.

मी वडिलांना म्हटलं, "दादा, तळ्याला जाळी लागल्याशिवाय मी थोरल्याला पाण्यात घेणार नाही."

त्यांना हे पटलं नाही. मळ्याला बाहेरून काटेरी तार आहेच, असं ते म्हणाले. पण घर त्या तारेच्या आत आणि तळंही आत. बाहेरची तार जनावरं अडवते, घरातलं मूल अडवत नाही. आरोग्यविषयक संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, घरगुती तलावांवर झालेल्या अभ्यासांचा आढावा नेमकं हेच सांगतो: सगळ्या आवाराला घातलेल्या कुंपणापेक्षा फक्त तलावाला चारही बाजूंनी वेढणारं कुंपण कितीतरी जास्त जीव वाचवतं. आणखी एक शंका खर्चाची होती, आणि ती रास्त होती. बांधाच्या माथ्यावरून चारही बाजू मोजल्या तर सव्वाशे मीटरच्या वर जाळी लागते. शेवटी निर्णय आजोबांनी घेतला. "कागदाला पैसे घातले, जाळीला घालू," एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी खांबांचे खड्डे सुरू झाले.

जाळी चार फुटांच्या वर, खालची फट मुलाचं डोकं जाणार नाही इतकी कमी, आणि कुठेही पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी नाही. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर. फाटक उघडं राहू नये म्हणून आजोबांनी कप्पीवरून दोर घेऊन त्याला दगड बांधला. हात सोडला की फाटक आपोआप लागतं. हे मी सुचवलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातलं होतं. आतल्या बाजूला चारही उतारांवर फूट-फूट अंतरानं गाठी मारलेले जाड दोर, वर लोखंडी पहारीला बांधलेले, खाली तळापर्यंत सोडलेले. फाटकाजवळ हवाबंद रिकामा कॅन, त्यालाही लांब दोर, बुडणाऱ्याकडे फेकायला. दोर आणि कॅन मोठ्यांसाठी आहेत. मूल वाचवायला उडी घेतलेलं मोठं माणूस परत न आल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

जाळी झाल्यावर मी पुन्हा गेले तेव्हा तिला लागून द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेले होते. चार वर्षांच्या मुलासाठी ती सरळ पायरी. क्रेट त्याच दिवशी शेडमध्ये गेले. कुंपण एकदा घालून भागत नाही, त्याच्याभोवती काय साठतं आहे हे रोज बघावं लागतं. घराजवळचा दोनशे लिटरचा पाण्याचा पिंप झाकणबंद झाला, न्हाणीतली बादली वापर झाला की रिकामी करून पालथी घालायची सवय लागली. धाकटीसाठी ही पालथी बादली तळ्याच्या जाळीइतकीच मोलाची आहे.

तांब्यापासून सुरुवात

जाळीचं काम चालू असताना थोरल्याचे धडे घरच्या न्हाणीत सुरू झाले होते. तलावाचं नावही काढायचं नाही असं मी आईला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तांब्या त्याच्या हातात. त्यानं आईच्या पायावर पाणी ओतायचं, मग स्वतःच्या पायावर, मग खांद्यावर. किती ओतायचं ते तो ठरवणार. त्याच्या अंगावर पाणी घालायचं असेल तर आधी विचारायचं, "घालू का?" आणि तो हो म्हणाला तर "एक, दोन, तीन" मोजूनच घालायचं. तो नको म्हणाला तर तांब्या खाली.

आजीला हे लाड वाटले. "पोराला विचारून आंघोळ घालायची का आता?" पण या मुलाची मोडलेली गोष्ट पाणी नव्हतीच. मोठ्यांनी सांगितल्याशिवाय माझ्या अंगावर काही होणार नाही, हा विश्वास मोडला होता. तो परत बांधल्याशिवाय पुढचं काहीही टिकलं नसतं. न्हाणीतल्या "घालू का?"चा दुसरा उपयोगही होता, तो पुढे येईल.

नंतर ताटलीत पाणी घेऊन फुंकर मारून कागदाची होडी चालवायची. मग ओठ पाण्याला लावून बुडबुडे काढायचे. लहान मुलाला श्वास रोखायला शिकवण्याआधी श्वास सोडायला शिकवावा, कारण बुडबुडे काढणारं तोंड पाणी आत ओढत नाही. एका रविवारी आईचा फोन आला, त्यानं स्वतःहून तांब्या डोक्यावर ओतून घेतला होता आणि मग घरातल्या प्रत्येकाला बोलावून परत परत ओतून दाखवला होता.

आईही पाण्यात

तलावात या वयाच्या मुलासोबत पालकानं पाण्यात उतरायचंच, हा माझा नियम आहे. इथे अडचण आली. वडिलांना छाटणीतून वेळ नव्हता आणि आई जन्मात कधी पाण्यात उतरली नव्हती. पोहण्याचा पोशाख घालून चारचौघांत उतरायची तिची तयारी नव्हती, आणि तिनं हे मला बाजूला घेऊन, जवळजवळ रडत सांगितलं. आमच्याकडे दुपारी महिलांची बॅच असते. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोशाख चालतो. फक्त सुती नको, तो पाणी धरून जड होतो. हे कळल्यावर ती म्हणाली, "मग मी येते. पण मला पण शिकवाल ना?"

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच. मूल आईच्या अंगाला चिकटलेलं असतं तेव्हा तिचे आखडलेले खांदे, तिचा रोखलेला श्वास, सगळं त्याला कळतं. आई घाबरलेली असताना मुलाला "घाबरू नको" सांगून उपयोग होत नाही. म्हणून सुरुवातीचे तास मी मुलाला काठावर चेंडू देऊन बसवलं आणि आईला पाण्यात चालायला, बुडबुडे काढायला, उताणं तरंगायला शिकवलं. तो बघत होता. आई पहिल्यांदा पाण्यावर आडवी झाली आणि हसली, तेव्हा तो आपण होऊन दोन पायऱ्या खाली आला.

दुपारची वेळ आणखी एका कारणासाठी सोयीची ठरली. एप्रिलमध्ये सकाळचं उघड्या तलावातलं पाणी लहानांसाठी गार असतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना ३० अंशांच्या वरचं कोमट पाणी लागतं, त्यांच्या अंगातली ऊब फार लवकर जाते. ओठ निळसर पडले, हनुवटी थरथरली, की खेळ कितीही रंगात असो, बाहेर. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ होतात. जुलाब होत असलेलं मूल पाण्यात आणू नये, हेही इथेच सांगून ठेवते.

थोरला पायरीवरून कमरेएवढ्या पाण्यात आला, मग भिंतीला धरून खेकड्यासारखा आडवा चालू लागला. उताणं तरंगणं सर्वांत अवघड गेलं, कारण कान पाण्यात गेले की आवाज बदलतो आणि मुलं दचकतात. त्यासाठी त्याचं डोकं आईच्या खांद्यावर ठेवून, गालाला गाल लावून, ती हळू बोलत राहिली आणि मागे सरकत राहिली. तो तरंगतो आहे हे त्याला नंतर कळलं. बाहूंवर बांधायचे फुगवायचे फुगे आम्ही वापरत नाही. त्यांनी मूल उभं तरंगतं, तरंगण्याची खरी सवय लागत नाही, आणि पालकांची नजर ढिली होते.

वडिलांचा व्हिडिओ

मध्येच वडिलांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. वर्षाच्या आतलं बाळ पाण्यात टाकलं जातं, ते उलटतं, उताणं होऊन तरंगतं. धाकटीला असं शिकवा, असं त्यांचं म्हणणं.

मी नकार दिला. अगदी तान्ह्या बाळांच्या पाण्यातल्या हातपाय मारण्याला पोहणं समजण्याची चूक होते. ती जन्मजात प्रतिक्रिया असते आणि पहिल्या काही महिन्यांत जाते. लहान मुलाला पुन्हा पुन्हा पाण्याखाली घातलं तर ते पुष्कळ पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची भूमिका मला समतोल वाटते. एक वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवल्यानं बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. एक ते चार या वयात शिकवल्याचा उपयोग होऊ शकतो. चार वर्षांच्या पुढे बहुतेक मुलांनी शिकावं. एक ते चारसाठी २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यात पोहण्याचे धडे घेतलेल्या मुलांचा धोका ८८ टक्के कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण अभ्यास लहान होता. खरा फायदा ३ टक्के असू शकतो किंवा ९९, इतका तो अंदाज सैल आहे. म्हणून मी धाकटीला शिकवते, आणि म्हणूनच त्या शिकवण्यावर तिचा जीव सोपवत नाही.

धाकटीला मी शिकवलं ते थांबायला. काठावर बूड टेकून बसायचं. पाय पाण्यात चालतील. आई समोर हात पसरून उभी. धाकटीनं विचारायचं, "येऊ?" आई "ये" म्हणाली तरच यायचं. कधी कधी आई मुद्दाम "थांब" म्हणायची. सव्वादोन वर्षांच्या मुलीला "थांब" सहन करणं म्हणजे मोठी परीक्षा. पहिल्यांदा तिनं आकांत केला, पाण्यात झेपावली, आईनं झेलून शांतपणे परत काठावर बसवली. न्हाणीतला "घालू का?" इथे कामाला आला. घरात मोठी माणसं तिलाही विचारूनच पाणी घालत होती, त्यामुळे पाण्याआधी विचारायचं असतं हे तिला आपोआप रीतीसारखं वाटत गेलं. उत्तर द्यायला कुणी नसेल तर पाणी नाही, हा नियमाचा गाभा. तरी दोन वर्षांचं मूल नियम आज पाळतं, उद्या विसरतं. आई तिच्यापासून हातभर अंतराच्या पुढे कधी गेली नाही आणि पाण्यात असताना फोन पिशवीत राहिला.

मे महिन्यातली दुपार

मेच्या मध्यावर थोरला चेहरा पाण्यात घालून तीन-चार फूट भिंतीपर्यंत येऊ लागला होता. उताणा झाल्यावर डोक्याखाली माझा एक हात पुरत होता. त्याला पोहता येतं असं मी म्हणणार नाही. पण तो पाण्याच्या प्रेमात पडला होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी आजी ओसरीवर लवंडली होती, आई बागेत होती, आणि थोरला घरात नव्हता. आजोबांना तो तळ्याच्या फाटकाशी सापडला. दोन्ही हातांनी जाळी धरून हलवत होता. कडीपर्यंत हात पोचत नव्हता. त्यानं आजोबांना सांगितलं, "मला भिंत धरून चालून दाखवायचंय."

आईनं संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. वर्षभर ज्या बाजूला पोरगं बघतही नव्हतं, तिथे ते आता एकटं गेलं होतं, आणि त्याला तिकडे नेणारा ओढा माझ्या शिकवण्यातूनच आला होता. याचा अंदाज होता म्हणूनच जाळी आधी मागितली होती. जाळी नसती तर तो आत्मविश्वासानं उतारावर पाय टाकणार होता. त्यानंतर घरात तीन गोष्टी बदलल्या. फाटकाला कुलूप लागलं आणि किल्ली आजोबांच्या कनवटीला गेली. थोरल्याला तळ्याच्या काठावर, आजोबांचा हात धरून, जाळीबाहेरून समजावलं: तलावाला भिंत असते, याला नाही. आजोबांनी एक ओला दगड कागदावर सोडून तो कसा घरंगळत जातो ते दाखवलं. आणि "मुलांवर सगळ्यांचं लक्ष आहे" ही व्यवस्था बंद झाली. सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही. आता कुठल्या वेळी कोण बघणार हे नाव घेऊन ठरतं, आणि जाताना तोंडानं सांगून दुसऱ्याकडे दिलं जातं.

आजीचा प्रश्न

पावसाळ्याआधी मळ्यावर घरातल्या सगळ्यांना बसवून बुडालेल्या मुलाला श्वास कसा द्यायचा याचा सराव घेतला. आजीनं विचारलं, पोराला पालथं घालून पाणी काढायचं, की पाय धरून गरगर फिरवायचं? खेड्यात दोन्ही करतात आणि दोन्हीत मोलाची मिनिटं जातात. पोट दाबलं की उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. मूल हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर पाठीवर निजवायचं, हनुवटी उचलायची, आधी पाच श्वास द्यायचे, छाती वर येते का बघायचं. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. आजीनं उशीवर सगळ्यांत जास्त वेळ सराव केला. मदत येईपर्यंत घरात असणारी बहुतेक तीच.

आता

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जवळ आली आहे आणि त्यापाठोपाठ विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), म्हणजे बाईमाणसाला क्षणाची उसंत नाही असे आठवडे. बांगलादेशात ग्रामीण भागातली लहान मुलं बहुतेक सकाळी, आई घरकामात असते त्या वेळात बुडतात, हे लक्षात आल्यावर तिथे गावोगाव 'आंचल' नावाची पाळणाघरं उभी राहिली. सकाळी नऊ ते दुपारी एक, आठवड्याचे सहा दिवस, गावातलीच एक प्रशिक्षित बाई मुलं सांभाळते. तिथे जाणाऱ्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. मोठ्या मुलांसाठी गावतळ्यात बांबूचा मचाण बांधून पोहणं शिकवतात, पण ते चार वर्षांच्या पुढेच. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातही 'कवच' नावानं अशी केंद्रं चालतात. मला यातलं सकाळचे चार तास हे गणित फार खरं वाटतं, कारण दिंडोरीच्या मळ्यातही नेमके तेच चार तास उघडे पडतात. अंगणवाडीतला शाळापूर्व वर्ग तीन वर्षांच्या पुढच्या मुलांचा. थोरला तिथे जातो, धाकटी अजून बसत नाही.

मी ही गोष्ट कुटुंबाला सांगितली तेव्हा आईनं ती बचत गटात मांडली. सध्या तीन मळ्यांतल्या पाच मुलांना एका घराच्या शेडमध्ये पाळीपाळीनं एक बाई सांभाळते. त्या दिवशीचा रोज बाकीच्या घरांनी मिळून तिला द्यायचा, असं ठरलं आहे. ज्या दिवशी पाळीवालीला बागेतून बोलावणं येतं, त्या दिवशी अजून घोटाळा होतो.

थोरल्याचे धडे फेब्रुवारीत पाणी तापलं की पुन्हा सुरू होतील. तेव्हा तो पाच ओलांडेल, आणि कपड्यांसकट पाण्यात पडल्यावर उताणं होऊन हाक मारणं त्याला शिकवता येईल. धाकटी तेव्हाही काठावर बसून "येऊ?" विचारण्यापाशीच असेल. आईला मात्र आता तलावाची रुंदी पार करता येते.

शेजारच्या दोन मळ्यांत तळी उघडीच आहेत. एकाच्या मालकानं जाळीचं माप घेतलं आहे. दुसरा म्हणतो, माल निघाल्यावर बघू. आजोबा दर आठवड्याला त्याच्याकडे जातात.